बेसबोर्ड हीटरची जुनी कव्हरे बदलायला खरा खर्च किती येतो?

प्रश्न : एडिसनचा नवा घरमालक

नमस्कार. गेल्या मे महिन्यात आम्ही न्यू जर्सीतील एडिसनमध्ये १९६४ साली बांधलेले एक स्प्लिट-लेव्हल घर विकत घेतले. आधीच्या मालकांनी स्वयंपाकघर नवे करून घेतले होते, पण भिंतींच्या पायथ्याशी असलेल्या बेसबोर्ड हीटरना त्यांनी बहुधा कधीच हात लावला नसावा. दिवाणखान्यातले कव्हर सोफ्याच्या पायाने दोन ठिकाणी आत दबले आहे, कोपऱ्यातला तुकडा निखळल्यामुळे आतल्या ॲल्युमिनियमच्या पात्या उघड्या पडल्या आहेत, आणि बाथरूममध्ये कमोडशेजारची खालची कड गंजून तिचे पापुद्रे सुटू लागले आहेत. आमची मुलगी तीन वर्षांची आहे आणि त्या उघड्या कोपऱ्याशी बसून खेळण्याची तिला सवय लागली आहे, म्हणून थंडी सुरू होण्याआधी हे काम उरकावे असे आम्हा दोघांनाही मनापासून वाटते. डिसेंबरमध्ये आई-बाबाही साताऱ्याहून येणार आहेत.

मी टेप घेऊन सगळे घर मोजले. दिवाणखाना २२ फूट (काटकोनात, मध्ये एक कोपरा), तीन बेडरूम मिळून ३२ फूट, जेवणाची खोली १२ फूट, बाथरूम ४ फूट आणि खालच्या मजल्यावरची बैठकीची खोली १४ फूट, असे एकूण ८४ फूट भरले. जुन्या कव्हरवर बसवण्याच्या तयार लोखंडी कव्हरांची जाहिरातीतली किंमत फुटाला साधारण ३० डॉलर दिसते, म्हणजे माझ्या हिशेबाने २,५०० डॉलरच्या आसपास. पण घरी येऊन पाहून गेलेल्या कंत्राटदाराने सगळ्याचे मिळून ४,२०० डॉलर सांगितले आहेत. फरक इतका का, तो रास्त आहे का, आणि ज्यांनी हे काम करून घेतले आहे त्यांना शेवटी प्रत्यक्षात किती खर्च आला, हे कृपया आकड्यांसह सांगावे. आमच्याकडे गॅसवर चालणारा बॉयलर आहे. खालच्या खोलीतला हीटर मात्र दिसायला थोडा वेगळा आहे आणि त्याचा थर्मोस्टॅटही भिंतीवर स्वतंत्र आहे.

उत्तर : फ्रेमिंगहॅम, मॅसॅच्युसेट्स

मी तीन वर्षांपूर्वी हे काम स्वतःच्या हाताने केले आणि सगळ्या पावत्या जपून ठेवल्या आहेत, म्हणून आकडे सांगू शकतो. भाव आता बदलले असतील, पण खर्च कुठे कुठे जातो हे तुमच्या लक्षात येईल.

माझ्या घरात एकूण ६२ फूट बेसबोर्ड आहे. सरळ तुकड्यांचे १,८६० डॉलर झाले, म्हणजे फुटाला ३० डॉलर, तुम्हाला जाहिरातीत दिसलेला तोच भाव. मात्र सरळ तुकड्यांनी काम पुरे होत नाही, आणि नेमके हेच मला आधी कोणी सांगितले नव्हते. भिंतीवर हीटरची प्रत्येक ओळ जिथे सुरू होते आणि जिथे संपते तिथे एक-एक टोपी लागते, ज्याला सगळे एंड कॅप म्हणतात. माझ्याकडे सात ओळी होत्या, म्हणजे १४ टोप्या, त्यांचे ३५० डॉलर. चार कोपऱ्यांचे १४० डॉलर. ओळ लांब असेल तर दोन तुकड्यांच्या सांध्यावर बसणाऱ्या पाच पट्ट्यांचे ७५ डॉलर. त्यावर आमच्या राज्याचा सव्वासहा टक्के विक्रीकर आणि घरपोच आणण्याचे ९५ डॉलर धरून बिल २,६७० डॉलरवर गेले.

एवढ्यावर भागले नाही. टोप्या डाव्या आणि उजव्या अशा वेगळ्या येतात, आणि डावे-उजवे हीटरकडे तोंड करून ठरवायचे असते. मी भिंतीकडे पाठ करून मोजले होते, त्यामुळे चार टोप्या उलट आल्या. शिवाय एक तुकडा मी मागवलेल्या मापाने खास कापून आला होता आणि तो परत घेतला गेला नाही. या दोन चुकांचे मिळून ११० डॉलर गेले. जुने कव्हर काढल्यावर त्याच्या वरच्या कडेशी भिंतीवर गेल्या कित्येक वर्षांच्या रंगाची जाड वळकटी उघडी पडली, कारण प्रत्येक रंगाऱ्याने कव्हर न काढता त्याच्या कडेपर्यंतच ब्रश फिरवलेला होता. नव्या कव्हरची उंची जुन्याहून थोडी कमी असल्याने ती वळकटी डोळ्यांना खुपू लागली. ती खरवडून, पुट्टी भरून दोन खोल्या पुन्हा रंगवाव्या लागल्या, त्याचे १८० डॉलर. एकूण २,९६० डॉलर झाले, म्हणजे फुटामागे ३० नव्हे तर जवळपास ४८ डॉलर पडले, आणि माझे दोन शनिवार-रविवार गेले ते वेगळेच.

तुमच्या कंत्राटदाराचा दर फुटाला ५० डॉलर पडतो. त्यात मजुरी धरलेली असेल तर तो मला अवाजवी वाटत नाही. मात्र त्यात कोपरे, टोप्या, भिंतीची डागडुजी आणि जुने लोखंड उचलून नेणे हे सगळे धरले आहे का, ते लेखी विचारून घ्या.

मागवण्यापूर्वी आणखी एक पाहा. ही कव्हरे जुन्या हीटरच्या पाठच्या पत्र्यावर अडकतात, म्हणून पुढचे जुने झाकण काढून टाकले तरी पाठचा पत्रा धड आणि भिंतीला घट्ट असावा लागतो. बाथरूममधला गंज जर त्या पत्र्यापर्यंत पोहोचला असेल, तर त्या चार फुटांत वरून बसणारे कव्हर टिकणार नाही.

उत्तर : हीटिंगच्या कामातला, न्यू जर्सी

अठरा वर्षे मी बॉयलर आणि बेसबोर्डची कामे करत आहे. प्रश्नातल्या शेवटच्या वाक्याकडे मला सर्वांत आधी लक्ष वेधावेसे वाटते, कारण पैशांपेक्षा ते अधिक महत्त्वाचे आहे.

खालच्या खोलीत स्वतंत्र थर्मोस्टॅट आहे आणि हीटर वेगळा दिसतो, म्हणजे तो बहुतेक विजेवरचा असणार. मूळ घर बॉयलरच्या गरम पाण्यावर आणि नंतर वापरात आणलेली खालची खोली विजेवर, अशी रचना या भागातल्या स्प्लिट-लेव्हल घरांत मी अनेकदा पाहिली आहे. खात्री करणे सोपे आहे. बॉयलर पूर्ण बंद असताना त्या खोलीचा थर्मोस्टॅट वाढवा. हीटर तापला तर तो विजेवरचा आहे. ब्रेकरच्या पेटीत त्याच्या नावाने दोन खटके एकत्र जोडलेला ब्रेकरही सापडेल, कारण घरांत भिंतीला कायमचे बसवलेले असे हीटर बहुतेक २४० व्होल्टवर चालतात आणि दर फुटाला साधारण २५० वॅट वीज घेतात. गरम पाण्याच्या हीटरसाठी केलेले कव्हर अशा हीटरवर कधीही बसवू नये. विजेच्या हीटरचे आवरण हा त्या यंत्राचाच भाग असतो. हवा किती आत जाणार आणि पत्रा किती तापणार हे सगळे त्याच आवरणासह तपासून ठरवलेले असते. त्यावर दुसरे झाकण चढवले की आतली उष्णता अडकते, आणि तिथे आगीचा धोका असतो. तुमच्या कंत्राटदाराने ८४ फुटांत हे १४ फूटही मोजले असतील, तर त्याने ते झाकण उघडून पाहिलेलेच नाही असे मी समजेन, आणि उरलेल्या कामाबद्दलही त्याला दोन प्रश्न अधिक विचारेन. विजेचा सहा फुटी नवा हीटर आवरणासह शंभर डॉलरच्या आसपास मिळतो, म्हणून तिथे कव्हरचा विचार सोडून इलेक्ट्रिशियनकडून पूर्ण हीटरच बदलून घेणे योग्य.

आता गरम पाण्याच्या ७० फुटांविषयी. कव्हर ही शोभेची वस्तू आहे असे बहुतेकांना वाटते, पण हीटर चालतो तो कव्हरमुळेच. खालच्या फटीतून थंड हवा आत जाते, तांब्याच्या नळीवरच्या पात्यांमधून तापते आणि वरच्या फटीतून बाहेर पडून खोलीत पसरते. नळीत पाणी १८० अंश फॅरेनहाइट म्हणजे ८२ अंश सेल्सिअसला असताना नेहमीचा बेसबोर्ड फुटामागे तासाला साडेपाचशे ते सहाशे बीटीयू (उष्णता मोजण्याचे एकक) उष्णता देतो, त्यामुळे तुमच्या दिवाणखान्याचे २२ फूट मिळून तासाला बारा-तेरा हजार बीटीयू देतात. खालची फट बुजली की हा आकडा घसरतो, आणि ती बुजते ती बहुधा फरशीमुळे. जुन्या लाकडी जमिनीवर लॅमिनेट अंथरले किंवा जाड गालिचा हीटरच्या आत सरकवला की जमीन अर्धा-पाऊण इंच वर येते, हवेला वाट उरत नाही, आणि मग घरमालक तक्रार करतो की बॉयलर चालतो पण खोली गरम होत नाही. जमिनीचे काम करायचे मनात असेल तर ते आधी करा आणि कव्हर नंतर मागवा, नाहीतर एकच काम दोनदा करण्याची वेळ येते. याच कारणासाठी मी लाकडी कव्हरांची शिफारस करत नाही. दिसायला ती सुरेख असतात, पण वर आणि खाली पुरेशी मोकळी जागा ठेवणारा सुतार क्वचित भेटतो, आणि सुताराकडून करून घेतल्यास फुटामागचा खर्चही लोखंडापेक्षा बराच अधिक येतो.

जुन्या कव्हराच्या आत किंवा टोपीवर कंपनीचे नाव उठवलेले असते, ते शोधा. १९६० च्या दशकातल्या काही कंपन्यांची झाकणे आजही त्याच मापात मिळतात, आणि पाठचा पत्रा चांगला असेल तर फक्त पुढचे झाकण, वरची फिरती पट्टी आणि टोप्या बदलून काम निभावते. वरून बसणाऱ्या कव्हरांपेक्षा हा खर्च माझ्या अनुभवात निम्म्याहून कमी येतो. दबलेले झाकण तर पुष्कळदा नुसते काढून, लाकडाच्या ठोकळ्यावर पालथे ठेवून रबरी हातोडीने सरळ करता येते.

झाकण उघडलेच आहे तर आणखी दोन कामे करून घ्यावीत. पात्यांमध्ये साचलेली धूळ आणि केस व्हॅक्यूमच्या अरुंद नळीने ओढून काढावेत आणि वाकलेल्या पात्या हलक्या हाताने सरळ कराव्यात. त्या पातळ आणि धारदार असतात, म्हणून जाड हातमोजे घालावेत. दुसरे काम आवाजाचे. पहाटे बॉयलर सुरू होताच भिंतीतून टक-टक येत असेल, तर तो तांब्याच्या प्रसरणाचा आवाज आहे. वीस फूट लांब नळी खोलीच्या तापमानापासून १८० अंशांपर्यंत तापताना सुमारे पाव इंचाने लांब होते, आणि तिच्याखालचे प्लॅस्टिकचे सरकते तुकडे झिजले किंवा गळून पडले असले की पात्या लोखंडी आधारावर घासत, अडखळत पुढे जातात. ते तुकडे अगदी स्वस्त मिळतात आणि कव्हर निघालेले असताना पाच मिनिटांत बसतात. कव्हर बसवून झाल्यावर मात्र त्यासाठी पुन्हा सगळे उघडावे लागते.

उत्तर : पार्सिपनी, न्यू जर्सी

वरच्या दोन्ही उत्तरांत पैशांचा आणि यंत्राचा विचार उत्तम झाला आहे. मला तुमच्या मुलीविषयी लिहायचे आहे, कारण आमचे घर १९५८ चे आहे आणि आमच्या मुलाच्या वेळी आम्ही हीच काळजी केली होती.

अमेरिकेत घरगुती रंगात शिसे वापरण्यावर १९७८ मध्ये बंदी आली. तुमचे घर त्याआधीचे आहे, म्हणून हीटरवरच्या रंगाचा एखादा तरी थर शिशाचा असू शकतो, असे धरूनच पुढे जावे. बाथरूममध्ये सुटलेले जे पापुद्रे तुम्ही लिहिले आहेत, ते आजच ओल्या कागदी रुमालाने टिपून घ्या, पिशवीत बंद करा, आणि त्या कोपऱ्यात मुलीला खेळू देऊ नका. कोरड्या सँडपेपरने किंवा मशीनने जुना रंग मुळीच घासू नका, कारण त्याची बारीक धूळ जमिनीवर बसते आणि लहान मुलांचे हात तोंडात जातात. रंगाचा लहानसा तुकडा प्रयोगशाळेत पाठवून तपासता येतो आणि त्याचा खर्च या सगळ्या कामाच्या मानाने नगण्य आहे. ज्या खोल्यांत रंग वेगळ्या काळात लागला असेल, त्या प्रत्येक खोलीतला नमुना वेगळा द्यावा.

याचा खर्चाशीही थेट संबंध आहे. १९७८ पूर्वीच्या घरात पैसे घेऊन काम करणारा कंत्राटदार एका खोलीत सहा चौरस फुटांहून अधिक रंगीत पृष्ठभाग हलवणार असेल, तर पर्यावरण संरक्षण संस्थेच्या २०१० पासून लागू असलेल्या नियमानुसार त्याच्याकडे प्रमाणपत्र असावे लागते आणि धूळ न पसरवता काम करण्याची ठरलेली पद्धत पाळावी लागते. आता तुमच्या जेवणाच्या खोलीचे पाहा : १२ फूट लांब आणि आठ इंच उंच झाकण काढले की आठ चौरस फूट होतात. म्हणजे एकच भिंत ही मर्यादा ओलांडते. ज्याने सर्वांत कमी पैसे सांगितले, त्याने प्लॅस्टिक अंथरणे, ओले करून काढणे आणि शेवटी नीट सफाई करणे हे सोडून दिले आहे का, हे विचारल्याशिवाय दोन आकड्यांची तुलना करता येत नाही. स्वतःच्या राहत्या घरात स्वतः काम करणाऱ्याला हा नियम लागू नाही, पण काळजी तीच घ्यावी. आपल्या राज्यात मुलांची शिशाची रक्ततपासणी बाराव्या आणि चोविसाव्या महिन्यात करायची असते. तुमच्या मुलीची झाली नसेल तर या निमित्ताने डॉक्टरांना अवश्य विचारा.

आमच्या तपासणीत सुदैवाने शिसे आढळले नाही. त्यानंतर आम्ही ४० फूट झाकणे काढून गॅरेजमध्ये नेली, भांड्यांच्या साबणाने तेलकट थर धुतला, बारीक सँडपेपर फिरवला, गंजरोधक प्रायमर आणि त्यावर धातूसाठीचा साधा इनॅमल रंग मारला. भट्टीसाठी मिळणारा उच्च तापमानाचा महाग रंग इथे लागत नाही, पण डब्यावर किमान २०० अंश फॅरेनहाइटपर्यंत चालतो असे लिहिलेले असावे. आतल्या पात्यांवर रंग उडू द्यायचा नाही. आम्हाला एकूण १६५ डॉलर लागले, फुटामागे चार डॉलरच्या थोडे वर. दोन झाकणे सरळ होण्यापलीकडे होती, तेवढीच नवी आणली आणि त्यांचा खर्च वेगळा. चार हिवाळे झाले, रंग पिवळा पडलेला नाही. पहिल्यांदा हीटर लावला तेव्हा दोन दिवस वास आला, म्हणून तो दिवस खिडक्या उघडता येतील असा ऑक्टोबरमधला निवडावा.

एडिसनचा नवा घरमालक

आपण तिघांनी दिलेल्या वेळाबद्दल मनापासून आभार. काल संध्याकाळी बॉयलर बंद करून खालच्या खोलीचा थर्मोस्टॅट वाढवला आणि दहा मिनिटांत हीटर तापला. तो विजेवरचाच आहे. कंत्राटदाराला फोन केला तेव्हा त्याने ते १४ फूट आपल्या अंदाजात धरले असल्याचे मान्य केले, आणि शिशाच्या कामाचे प्रमाणपत्र त्याच्याकडे नाही हेही सांगितले. त्याच्याकडून काम करून घ्यायचे नाही असे आम्ही ठरवले आहे.

आता बेत असा आहे. सुटलेले पापुद्रे टिपून घेतले आहेत, आणि पाच खोल्यांतले रंगाचे नमुने उद्या टपालाने जातील. अहवाल चांगला आला तर तीन बेडरूम आणि जेवणाची खोली मिळून ४४ फूट झाकणे काढून, सरळ करून, रंगवायची. त्यासाठी २०० डॉलर बाजूला ठेवले आहेत. दिवाणखान्यातल्या टोपीच्या आतल्या बाजूला कंपनीचे नाव सापडले आणि तिची झाकणे त्याच उंचीची मिळतात, तेव्हा ते २२ फूट, एक कोपरा आणि दोन टोप्या नव्या आणणार आहोत. दुकानाने कर धरून ४३० डॉलर सांगितले. बाथरूममधला पाठचा पत्रा खालून स्क्रूड्रायव्हरने दाबला तर टोक आरपार गेले, म्हणून तिथे नळीसह पूर्ण हीटर बदलावा लागेल आणि त्यासाठी प्लंबरने ६५० डॉलर सांगितले आहेत. खालच्या खोलीत दोन नवे विजेचे हीटर आणि इलेक्ट्रिशियन मिळून ५२० डॉलर. बेरीज १,८०० डॉलर होते.

दोन शंका राहिल्या आहेत. जेवणाच्या खोलीत लॅमिनेट आहे आणि झाकणाखाली माझे करंगळीचे टोकही शिरत नाही. तिथे काय करावे? आणि हिवाळ्यात आई इथे असते तेव्हा धुतलेले पंचे आणि बाळाचे कपडे हीटरवर वाळत घालते. गेल्या वर्षी भाड्याच्या घरात तिला ते फार सोयीचे वाटले होते. ते चालते का?

हीटिंगच्या कामातला, न्यू जर्सी

जेवणाच्या खोलीत झाकण आडव्या ब्रॅकेटांवर टांगलेले असेल. ती ब्रॅकेटे पाठच्या पत्र्यात वर सरकवता आली तर झाकण थोडे उचलता येते. तसे नसेल तर रंगवण्याआधी झाकणाची खालची कड पत्र्याच्या कात्रीने लांबीभर अर्धा इंच कापून घ्या आणि धार कानशीने मोडून टाका. एक इंच मोकळी जागा मिळाली तर उत्तम, पण अर्ध्या-पाऊण इंचानेही त्या खोलीत फरक जाणवेल. रंगाचा अहवाल हाती येईपर्यंत मात्र कात्री लावू नका.

कपड्यांचे असे की गरम पाण्याच्या हीटरवर ओला पंचा टाकल्याने आग लागत नाही, पण वरची फट झाकली जाते आणि तेवढ्या भागातली उष्णता खोलीत येत नाही, शिवाय ओल झाकणाच्या सांध्यात उतरून गंज धरतो. बाथरूममध्ये बहुधा तेच झाले असावे. हीटरपासून फूटभर अंतरावर घडीचा स्टँड उभा केला तर कपडे तितक्याच लवकर वाळतात. खालच्या खोलीतल्या विजेच्या हीटरवर मात्र काहीही, कधीही टाकायचे नाही. पडदाही त्यावर लोंबता कामा नये. आईंना हे दोन हीटर वेगळे आहेत असे त्या आल्या त्याच दिवशी प्रत्यक्ष दाखवून सांगा, कारण नवे आवरण बसल्यावर दोन्ही दिसायला जवळजवळ सारखेच दिसतील.